पाच मिनिटांचा फॉर्म

मेल आला तेव्हा मी कॅनडातल्या आमच्या ऑफिसच्या किचनमध्ये डबा गरम करत उभी होते. विषयात एवढंच लिहिलं होतं की सगळ्यांनी आपली सेल्फ आयडेंटिफिकेशनची, म्हणजे आपण कोणत्या गटातले ते स्वतःच सांगायची, माहिती भरून द्यावी, पाच मिनिटं लागतील, माहिती गोपनीय राहील. फोनवरच उघडला. चारच मुख्य प्रश्न. तुम्ही स्त्री आहात का, इथल्या मूळनिवासी समाजाच्या आहात का, काही अपंगत्व आहे का, आणि चौथा, तुम्ही व्हिजिबल मायनॉरिटी, म्हणजे दिसण्यावरून वेगळे ओळखू येणारे अल्पसंख्य, आहात का. त्याच्याखाली यादी, चायनीज, ब्लॅक, फिलिपिनो, अरब, कोरियन, आणि मध्येच कुठेतरी साउथ एशियन. मी अंगठा त्या चौकोनावर नेला आणि तसाच थांबवला. कशासाठी थांबवला ते मलाच कळेना, उत्तर तर सरळ होतं. तेवढ्यात मागे आमच्या टीममधले दादा आपला डबा घेऊन उभे होते, त्यांनी स्क्रीन बघितली आणि अगदी मायेनं म्हणाले, "अगं भरून टाक लगेच. आपला हक्क आहे तो."

आपला.

त्या एका शब्दानं पुढचे चार-पाच दिवस माझा पिच्छा सोडला नाही. दादा मूळचे पुण्याचे, कॅनडात येऊन त्यांना २० वर्षं होऊन गेली. मी जॉइन झाले त्या पहिल्या हिवाळ्यात तेच मला गाडीत घालून जाडजूड कोट घ्यायला घेऊन गेले होते, बूट कुठले घ्यायचे, बर्फावर कसं चालायचं, टॅक्स कसा भरायचा, सगळं त्यांनी शिकवलं. वहिनींनी गणपतीत घरी बोलावून उकडीचे मोदक खाऊ घातले. माणूस खरंच चांगला. आणि याच माणसानं याच किचनमध्ये, साधारण वर्षभरापूर्वी, भाच्याला पाहिजे त्या कॉलेजात ॲडमिशन मिळाली नाही म्हणून सांगताना म्हटलं होतं, "ओपनमध्ये जन्माला आलं की असंच. बाकीच्यांची मजा आहे." तेव्हा मी भांडं विसळत होते. माझं आडनाव असं आहे की त्यावरून चटकन काही कळत नाही, आणि त्यांनी गृहीत धरलं होतं. मी काहीच बोलले नाही. नळ जरा जास्त सोडला, एवढंच. म्हणजे त्या दिवशी मी त्यांच्यासाठी 'बाकीच्यां'मध्ये होते, त्यांना माहीत नसलं तरी, आणि आज 'आपला हक्क' म्हणताना त्यांच्याबरोबर एकाच चौकोनात.

मी वऱ्हाडातली. बौद्ध. आमच्याकडे माणूस 'दिसायला' चामडीचा रंग लागत नाही, तीन प्रश्न पुरतात. गाव कोणतं, आडनाव काय, आणि तेवढ्यानं नाही भागलं तर गावात घर कोणत्या बाजूला. एसटीत शेजारी बसलेली बाई पण पाणी प्यायच्या आधी एवढं विचारून घेते. टोरांटोतल्या मराठी कार्यक्रमांतसुद्धा, बाहेर उणे पंधरा असतं, आत समोसे आणि चहा चाललेला असतो, आणि कुणीतरी अगदी प्रेमानं विचारतंच, "म्हणजे नक्की कुठले तुम्ही?" विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट असतंच असं नाही. पण माझा खांदा आपोआप आखडतो, लहानपणापासूनची सवय आहे ती. त्यामुळे 'व्हिजिबल' हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा मला वाटलं होतं, दिसणं म्हणजे काय ते यांना अजून माहीत नाही.

फॉर्म म्हटलं की मला बाबांची पिशवी आठवते. खाकी कापडाची, चेन तुटलेली, तिला सुतळी बांधलेली. मी बारावीला होते, इंजिनिअरिंगला जायचं तर जातीचा दाखला पाहिजे आणि नुसता दाखला नाही, त्याची पडताळणी झालेली पाहिजे, व्हॅलिडिटी. ज्यांनी काढलीय त्यांना वेगळं सांगायला नको. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा मागतात, म्हणजे त्या तारखेच्या आधी आपलं माणूस इथलं होतं आणि त्याची जात अमुक होती हे कुठल्या तरी सरकारी कागदावर सापडलं पाहिजे. आणि २००० सालचा आपला कायदा स्पष्टच सांगतो की सिद्ध करायची जबाबदारी मागणाऱ्याची. ज्या घरात कुणाला सही येत नव्हती त्या घरानं ५० च्या आधीचा कागद आणायचा. बाबांनी त्यासाठी तीन महिने घालवले. गावातल्या जन्ममृत्यूच्या नोंदींच्या कोतवाल बुकाची नक्कल मिळते का म्हणून तहसीलला चकरा, तिथं साहेब दौऱ्यावर, मग झेरॉक्स, मग शपथपत्र, मग वंशावळ, मग परत तहसील. शेवटी आजोबांच्या गावच्या शाळेत दाखल-खारीज रजिस्टर सापडलं. लाल फडक्यात बांधलेलं गाठोडं हेडमास्तरांनी टेबलावर सोडलं तेव्हा वाळवीची माती भुरभुरत खाली पडली होती, शाई तपकिरी झालेली, पानांना ओल्या गोणपाटासारखा वास. बाबा उभ्यानंच एकेक ओळ बोटानं वाचत होते, आणि एका ओळीवर बोट थांबलं तेव्हा ते काहीच बोलले नाहीत, फक्त माझ्याकडे बघून मान हलवली. १९३८. आजोबांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, आणि पुढच्या रकान्यात जात. शेवटच्या रकान्यात शाळा सोडण्याचं कारण, 'सतत गैरहजर'.

गैरहजर का, ते आजोबांनी आम्हाला सांगितलेलं होतं. ते वर्गात बसत नव्हते, बसूच देत नव्हते, ओसरीवर बसायचे आणि खिडकीतून ऐकायचे. पावसाळ्यात ओसरीवर झड यायची, पाटी धुऊन जायची. मास्तर म्हणायचे, जा आता घरी, पाणी थांबलं की ये. त्या वर्षी पाणी लवकर थांबलंच नाही, आणि मग आजोबा गुरांमागं लागले. रजिस्टरात हे लिहायला रकाना नव्हता.

पुढं १४ ऑक्टोबर १९५६ ला हेच आजोबा पांढरं धोतर नेसून नागपूरला गेले होते, पंचवीस-तीस जणांबरोबर, काही वाट पायी, काही रेल्वेनं. तो जुना जातीचा शब्द आपण दीक्षाभूमीवर सोडून आलो असं ते सांगायचे, आणि नंतर आयुष्यभर त्यांनी तो स्वतःसाठी कधी वापरला नाही, दुसऱ्या कुणी वापरला तर उठून जायचे. आणि त्यांच्याच नातीला कॉलेजात जायला तोच शब्द, तपकिरी शाईतला, साक्षांकित करून पाहिजे होता. आजोबा तेव्हा हयात नव्हते. बाबांनी ती नक्कल पिशवीत घातली तेव्हा त्यांच्या मनात काय चाललं असेल ते मी त्यांना कधी विचारलं नाही, आणि आता विचारावं म्हटलं तर फोनवर असं विचारता येत नाही.

आणि इथं नुसतं टिक. कागद नाही, नक्कल नाही, पन्नासच्या आधीचं काही नाही, साहेब नाही. तुम्ही म्हणता म्हणून तुम्ही. उलट इथला एम्प्लॉयमेंट इक्विटीचा, म्हणजे नोकरीत सगळ्यांना समान संधी मिळावी म्हणून केलेला, कायदा सांगतो की जो स्वतःहून सांगेल किंवा सांगायला राजी होईल त्यालाच मोजायचं. म्हणजे मॅनेजरला समोर मी बसलेली दिसते, सावळी, तेल लावून वेणी घातलेली, पण मी टिक केलं नाही तर कंपनीच्या हिशोबात मी व्हिजिबल नाही. पहिल्या वेळी, जॉइन झाले तेव्हा, हा फॉर्म भरून मी सबमिट केलं आणि बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसले, आता पुरावा मागतील म्हणून. 'धन्यवाद' एवढंच आलं. मला रडू आलं होतं, खरं सांगते. माझ्या शब्दावर कुणी एवढा सहज विश्वास ठेवावा याची सवयच नव्हती. अर्थात कागद मागण्यामागचं दुखणं पण मला माहीत आहे, आपल्याकडे खोट्या दाखल्यांवर किती जागा गेल्या ते आपण बघितलंय, आणि इथंसुद्धा मूळनिवासी असल्याचं खोटं सांगून मोठमोठ्या पदांवर बसलेल्या लोकांची प्रकरणं अलीकडं बाहेर आली आहेत. त्यामुळे नुसत्या शब्दावर सगळं सोडावं असं मी म्हणणार नाही. पण बाबांचे तीन महिने आणि माझी पाच मिनिटं यांच्यामध्ये कुठंतरी एखादी माणुसकीची जागा असायला पाहिजे असं वाटत राहतं.

मग एकदा मी कायद्यातली व्याख्याच काढून वाचली. व्हिजिबल मायनॉरिटी म्हणजे, मूळनिवासी सोडून, ज्या व्यक्ती वंशानं कॉकेशियन नाहीत किंवा रंगानं गोऱ्या नाहीत त्या. १९९५ च्या कायद्यात आजही हेच शब्द आहेत, आणि 'कॉकेशियन' हा शब्द तर दोनशेहून जास्त वर्षांपूर्वी कवट्या मोजणाऱ्या शास्त्रज्ञांनी चालवलेला. त्यातल्या 'किंवा'वर मी अडकले. कारण जुन्या वंशशास्त्राप्रमाणं उत्तर भारतातल्या कित्येकांना कॉकेशियनच म्हटलं जायचं. अमेरिकेत भगतसिंग थिंड नावाच्या पंजाबी माणसानं याच मुद्द्यावर नागरिकत्व मागितलं होतं, केस सुप्रीम कोर्टात गेली, १९२३ मध्ये निकाल लागला. कोर्टापुढं प्रश्न काय होता, तर उच्च जातीचा, शुद्ध भारतीय रक्ताचा हिंदू हा गोरा माणूस धरायचा का. उच्च जातीचा! म्हणजे समुद्र ओलांडून गेल्यावर पण गोऱ्यांच्या पंगतीत बसायला जातीचाच दाखला पुढं केला होता. कोर्टानं सांगितलं की शास्त्र काहीही म्हणो, साधा माणूस ज्याला गोरा म्हणतो तो हा नाही. निकाल अन्यायाचाच होता, त्यानंतर कित्येक भारतीयांचं मिळालेलं नागरिकत्व काढून घेतलं गेलं, वाचताना वाईटच वाटतं. पण तो युक्तिवाद वाचताना मला ओसरी पण आठवली. दोन्ही एकाच वेळी वाटलं, आणि दोन्ही खरं आहे.

माझी इथली एक मैत्रीण वसईची आहे, ख्रिस्ती, घरी आमच्यासारखीच मराठी बोलते, फक्त तिच्या मराठीला समुद्राचा वास आहे. जनगणनेच्या फॉर्मात साउथ एशियनपुढं उदाहरण म्हणून 'ईस्ट इंडियन, पाकिस्तानी, श्रीलंकन' असं छापलेलं असतं. तिनं पहिल्यांदा ते वाचलं आणि आईला फोन करून सांगितलं की मम्मा, इकडच्या सरकारला आपण माहीत आहोत! कारण तिचा समाजच ईस्ट इंडियन. वसई, साष्टी, उत्तनची ही माणसं, लुगडं नेसणारी, बाटलीतला मसाला करणारी. नंतर तिला कळलं की इथं ईस्ट इंडियन म्हणजे सगळेच भारतीय, वेस्ट इंडियन आणि रेड इंडियनपासून वेगळं ओळखायला. ती हसत सांगते पण तो फोन तिला अजून आठवतो. आणि तिच्या समाजानं ते नाव घेतलं ते पण नोकऱ्यांपायीच की. मुंबईत गोव्याकडून, मंगळूरकडून ख्रिस्ती लोक कामाला यायला लागले, तेव्हा आम्ही इथलेच, ईस्ट इंडिया कंपनी सरकारची पहिली प्रजा, नोकरीत आमचा हक्क आधी, हे सरकारला कळावं म्हणून १८८७ मध्ये, राणीच्या राज्यारोहणाला ५० वर्षं झाली त्या वर्षी, त्यांनी हे नाव घेतलं. कुठलाही चौकोन जरा खरवडला की खाली नोकरी निघते, पोट निघतं.

इथल्या या एम्प्लॉयमेंट इक्विटीच्या कायद्याची सुरुवात ज्यांच्या अहवालातून झाली त्या न्यायाधीश रोझॅली ॲबेला. त्यांचा जन्म १९४६ चा, जर्मनीतल्या निर्वासितांच्या छावणीतला, आईवडील नाझींच्या छळछावण्यांतून वाचलेले. वडील वकील होते, कॅनडात आले तर सांगितलं, तुम्ही नागरिक नाही, वकिली करता येणार नाही. मुलगी तेव्हा चार वर्षांची, तिनं ठरवलं मीच वकील होणार. १९८४ च्या अहवालात त्यांनी 'एम्प्लॉयमेंट इक्विटी' हा शब्द आणला, १९८६ मध्ये पहिला कायदा झाला. हे वाचलं तेव्हा त्या बाई मला एकदम घरच्या वाटल्या. बापाला दारातून परत पाठवलं त्याची मुलीनं केलेली दुरुस्ती आहे ती. आणि ती दुरुस्ती कशी, तर मोजून. बँका, टेलिफोन, विमान कंपन्या अशा केंद्राच्या अखत्यारीतल्या, १०० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या कंपन्यांनी दरवर्षी हिशोब द्यायचा, की या कामाला या भागात जेवढी माणसं उपलब्ध आहेत त्यात या गटांची किती, आणि तुमच्याकडे किती, वरच्या पदांवर किती, पगार काय. कमी दिसलं तर कुठं अडतंय ते शोधायचं. राखीव जागा नाहीत, उलट कोटा लादता येणार नाही असं कायद्यातच लिहिलंय.

आमच्याकडचा एक तरुण मुलगा, पंजाबी, इथंच जन्मलेला, तो हा फॉर्म भरतच नाही. म्हणतो, मला कुणी डायव्हर्सिटीवाला म्हणायला नको. मला त्याचा राग येत नाही. हॉस्टेलला पहिल्याच आठवड्यात माझ्या रूममेटनं माझी रँक विचारली होती आणि ऐकून नुसतं "ओह" म्हणाली होती. ते ओह मी चार वर्षं खोडत बसले. प्रत्येक सबमिशन दोनदा तपासायचं, प्रत्येक व्हायव्हाला घसा कोरडा, टॉपर आले तरी ते ओह काही पुसलं गेलं नाही. त्यामुळे त्या मुलाला काय नको आहे ते मला चांगलं ठाऊक आहे. तरी मी त्याला एकदा म्हटलं की बाबा रे, तू नाही भरलास तर तुला कुणी काही म्हणणार नाही हे खरं, पण वरच्या मजल्यावर आपल्यातलं कुणी नाही हे पण कुणाला म्हणता येणार नाही, मोजलंच नाही तर रिकामी खुर्ची दिसायची कशी. तो "आय गेट इट" म्हणाला. भरला की नाही माहीत नाही, विचारलं नाही.

पण मोजलं की सगळं दिसतं असंही नाही. २०२१ च्या जनगणनेत या देशात चारातला एकाहून जास्त माणूस व्हिजिबल मायनॉरिटीत निघाला, २६.५ टक्के, आणि मी राहते त्या टोरांटोजवळच्या ब्रॅम्प्टनमध्ये दहातले आठ. आमच्या बसमध्ये मायनॉरिटी कोण हे सकाळी सातला बघून सांगणं अवघड आहे. संयुक्त राष्ट्रांच्या समितीनं २००७ मध्येच कॅनडाला या शब्दाचा परत विचार करा म्हणून सांगितलं होतं. आणि या एका शब्दाखाली कोणकोण! पिढ्यान्‌पिढ्या इथं राहिलेलं काळं कुटुंब, परवा विमानातून उतरलेली मी, जपानी डायरेक्टर. सगळ्यांची बेरीज केली की आकडा छान दिसतो आणि त्या छान आकड्याखाली काळ्या माणसांची वाट तशीच अडलेली राहते. या कायद्याचा आढावा घेणाऱ्या, मॅकगिल विद्यापीठाच्या प्राध्यापक अडेल ब्लॅकेट यांच्या समितीनं २०२३ च्या अहवालात हेच धरलं, काळ्या कामगारांचा गट वेगळा मोजा आणि व्हिजिबल मायनॉरिटी हा शब्द काढून 'रेशियलाइज्ड', ज्यांच्यावर दुसऱ्यांनी वंशाचा शिक्का मारला ते, असं म्हणा, म्हणजे दिसणाऱ्यापेक्षा बघणाऱ्याकडे लक्ष जाईल. मी तो भाग दोनदा वाचला. शब्द बदलून काय होतं असं म्हणणाऱ्यांना मी आजोबांचं सांगीन.

आणि आमचं काय? साउथ एशियन हा चौकोन बाहेरून बघणाऱ्याला एकच दिसतो. त्याच्या आत गावकूस आहे ते त्याला कसं दिसणार. दादा आणि मी, दोघांनाही मुलाखतीत अडखळायला लावणारा उच्चार एकच, आमच्या रेझ्युमेवरची न उच्चारता येणारी नावं पण एकाच जातकुळीची, तिथपर्यंत तो 'आपला' शंभर टक्के खरा आहे, मी तो नाकारणार नाही. पण उद्या दादा मॅनेजर झाले आणि टीममध्ये त्यांना तीन प्रश्न विचारून माणूस निवडावासा वाटला, तर कंपनीच्या तक्त्यात ते कुठंच उमटणार नाही, साउथ एशियननं साउथ एशियन घेतला एवढंच दिसेल. ते असं करतील असं मला वाटत नाही. पण न वाटण्यावर माझं पोट चालावं का? टोरांटोच्या शाळा मंडळानं २०२३ मध्ये जातीवरून होणारा भेदभाव आहे हे मान्य करून ठराव केला, त्याच वर्षी ऑन्टारिओच्या मानवी हक्क आयोगानं पण जातीबद्दल आपली भूमिका जाहीर केली. ती बातमी मी आईला वाचून दाखवली तेव्हा आई म्हणाली, "तिकडं बी गेली का माय ते?"

शुक्रवारी किचनमध्ये परत गाठ पडली. दादांनी विचारलं, "भरलास ना फॉर्म?" मी म्हटलं, "भरला दादा. पण माझा खरा पहिला फॉर्म बारावीतला." आणि का कोण जाणे, त्या दिवशी नळ सोडावासा वाटला नाही. फोनमध्ये त्या रजिस्टरच्या पानाचा फोटो कायम असतो, तो काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी खिशातून चष्मा काढला, दोन बोटांनी फोटो मोठा केला, ओठ हलवत वाचायला लागले, नाव, वडिलांचं नाव, गाव, आणि मग बोट एका रकान्यावर थांबलं. बरंच थांबलं. मायक्रोवेव्ह वाजला, परत वाजला, त्यांचाच डबा होता, त्यांनी काढला नाही.

"हे कोण?"

"माझे आजोबा."

दादांनी फोन परत दिला नाही. म्हणाले, "मास्तरांचं अक्षर सुरेख आहे." मग पान सरकवत शेवटच्या रकान्यापर्यंत गेले, वाचलं, चष्मा वर करून माझ्याकडे बघितलं. "गैरहजर का राहायचे गं?"

मी समोरची खुर्ची ओढली आणि ओसरीपासून सांगायला सुरुवात केली.